सासूबाईंची बाटल्यांची खोली

आमच्या गारखेड्यात उघड्यावर पाणी पिणारा एकही माणूस माझ्या सासूबाईंच्या नजरेतून सुटलेला नाही. माणूस कोण, कुठला, कशासाठी आला, यात त्यांना काडीचा रस नसतो. सगळं लक्ष त्याच्या हातातल्या बाटलीत किती घोट उरलेत याकडे. एकदा घरी गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने प्लास्टिकची बाटली तोंडाला लावली, तर या पदर खोचून त्याच्यासमोर उभ्या. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारीला तहान लागली असेल. त्याने बाटली पुढे केली. "प्या, प्या, तुम्हीच प्या सगळं," सासूबाई म्हणाल्या, "मला नुसती बाटली पायजे." त्याने भिडेखातर उरलेलं पाऊण लिटर पाणी एका दमात संपवलं आणि पुढचा अर्धा तास तो शेगडीपुढे पोट धरून बसला. बाटली तोवर धुऊन खिडकीत उलटी घातलेली होती.

सासूबाई फर्दापूरच्या पलीकडच्या. चांगलं पन्नास माणसांच्या राबत्याचं शेतकरी घर, त्यात त्यांनी चाळीस वर्षं सासुरवास आणि नंतर राज्य, दोन्ही केलेलं. सासरे गेल्यावर त्या लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या आणि चार वर्षं राहिल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, इथल्या बाया बसतात कुठं?" मी म्हणालो, "आपापल्या घरी बसतात की." तर म्हणाल्या, "घरात काम असतंय. बसतात कुठं, म्हणलं मी." मग त्यांनी स्वतःच पाहणी केली. पुरुष चहाच्या टपरीवर बसतात, पानाच्या दुकानापुढे बसतात, मारुतीच्या पायऱ्यांवर बसतात. बाया मात्र आपापल्या फाटकाशी, एक हात कडीवर ठेवून, उभ्या. "उभ्याउभ्या बोललं की अर्धंच बोलणं होतंय," त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं. "खरं काय ते बसल्यावर निघतंय." आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता जाहीर केलं की कॉलनीच्या ओपन स्पेसवर बायांना बसायला खोली बांधायची.

ओपन स्पेस म्हणजे वेड्या बाभळी आणि कॉलनीभरचा कचरा. पण त्या दिवसांत बायकोच्या मोबाइलवर त्यांनी कुठल्याशा शाळेचा व्हिडिओ पाहिला होता. तिथल्या मुलांनी प्लास्टिकच्या बाटल्यांत रिकामी पाकिटं ठासून भरली होती आणि विटांसारख्या त्या मातीत रचून भिंत उभी केली होती. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरातून कचरा हा शब्दच गेला. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, सगळं भांडी धुतलेल्या पाण्यात धुतलं जायचं, कारण नळाला रोज पाणी येणाऱ्या गावात आम्ही राहत नाही. मग ते वाळत पडायचं. गच्चीवरच्या दोरीवर माझे दोन शर्ट, त्यांच्या मधोमध चिमटे लावलेली बारा पाकिटं, मग माझी पॅन्ट, अशी रचना असायची. समोर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळी कॉलनी नुसतं 'बाई' म्हणते. त्या एके दिवशी तक्रार घेऊन आल्या की सकाळी पूजेच्या वेळी खिडकीतून समोर वेफर्स फडफडताना दिसतात. तासाभराने त्या गेल्या तेव्हा त्यांच्या हातात तीन बाटल्या आणि पाकिटं ठासायची एक काठी होती.

बाहेर जाणं तर अवघडच. पुण्याहून माझा मित्र सहकुटुंब आला म्हणून आम्ही सगळे वेरूळला गेलो. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, लेणी झाली. वरून खाली डोंगर कोरत कोरत अख्खं देऊळ कसं काढलं, हे गाइड भारावून सांगत होता. सासूबाईंनी मान वर करून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढा डोंगर फोडला, पण बसायला जागा लई चांगली केली बगा." मग एकदम त्या दिसेनाशा झाल्या. शोधलं तर एका परगावच्या कुटुंबाच्या मागे मागे चाललेल्या. त्या कुटुंबात सहा जण होते आणि सहाही जणांच्या हातात बाटली होती. येताना माझा मित्र मागच्या सीटवर मांडीवर गोणी घेऊन बसला होता. अजून तो फोनवर आधी त्यांची चौकशी करतो, मग माझी.

लग्नकार्यात तर माझी शोभाच व्हायची. हल्ली पंगतीत प्रत्येक ताटाशी छोटी बाटली ठेवतात. सासूबाईंना ते पीकच वाटायचं. त्यांच्या भाचीच्या लग्नात मी कोट घालून, जावई म्हणून, पंगतींच्या मधून गोणी ओढत त्यांच्या मागे हिंडत होतो. यजमानांनी आहेराचा टॉवेल-टोपी पुढे केला तर घ्यायला हात मोकळा नव्हता. त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि मी पुढच्या पंगतीकडे सरकलो.

यात माझी एक वेगळी अडचण होती. मी स्थापत्य अभियंता आहे. लोक मला विचारून घरं बांधतात, आणि माझ्या घरात माझ्या डोळ्यांदेखत, मला न विचारता, बाटल्यांच्या भिंतीची तयारी चालली होती. मी एकदा कागदावर आकृती काढून ही भिंत उभी राहणार नाही हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "तुम्ही कागदावर बांधा," म्हणाल्या, "मी जमिनीवर बांधते." वर मलाही वाटा लावून दिला: आठवड्याला पाच बाटल्या. कॉलनीतल्या सगळ्यांनाच तसा वाटा होता. भरलेल्या बाटलीवर मार्करने आपलं नाव लिहायचं, म्हणजे पुढे भिंतीत आपली बाटली कुठली ते ओळखू येईल. परीक्षा एकच. बाटली आडवी ठेवायची आणि तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं. "दबली तर ती इट न्हाई," सासूबाई म्हणायच्या. माझे जुने स्पोर्ट्स शूज घालून, नऊवारी सावरत, त्या एकेका बाटलीवर चढून उभ्या राहायच्या. जावयाच्या बाटल्यांवर मात्र त्या कधी चढल्या नाहीत. तो मान होता. मी तो क्रिकेटच्या सामन्यांपुढे बसून, तळाशी थोडं आणि तोंडाशी थोडं कोंबून, मधलं पोकळ ठेवून वापरला.

अंगणात बाटल्यांचा ढीग कंबरेएवढा झाला तसा एक मिस्त्री बोलावला. त्याने ढीग पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अम्मा, तीस बरस से ईंटां जोड रौं, बाटल्यां कभी नै जोड्या," तो म्हणाला. सासूबाई त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "ईटा भी पैले मिट्टीच थी ना, बेटा?" पन्नाशीच्या त्या बेट्याने थापी काढली. बायांनी बाभळी तोडून, कचरा उचलून जागा केली होती. माती, भुसा आणि पाणी पायांनी तुडवून गारा झाला. कुणाची नात, कुणाची सासू, दोन बँकेतल्या अधिकारी, साड्या वर खोचून सगळ्या चिखलात. चार दिवसांत छातीएवढी भिंत उभी राहिली, आणि मी येता-जाता तिच्याकडे न पाहता जाऊ लागलो.

पाचव्या दिवशी सकाळी भिंत पडली.

मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मी पोचलो तेव्हा सासूबाई आधीच तिथे होत्या, एकट्या. चिखलात फतकल मारून एकेक बाटली उचलत होत्या, दाबून पाहत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. मला पाहिल्यावर त्यांनी जवळची गोणी लुगड्याआड ओढली. हळूहळू बाया जमल्या. कुणालाही लागलं नव्हतं. कुणीतरी हळूच म्हणालं, इंजिनिअर माणसाला विचारायला पाहिजे होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहा मिनिटं भार, तोल आणि पाया यांवर बोललो. बरं बोललो असं मला वाटलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माती वली राह्यली. चूक माझी हाय."

त्यानंतर त्यांनी काठीला हात लावला नाही. दारात आलेली बाटली तशीच पडून राहू लागली. जेवायला बसायच्या, पण अर्ध्यातून उठायच्या. चौथ्या दिवशी कॉलनीत बोलणं सुरू झालं की जागा साफ झालीच आहे, तर तिथे गाड्या लावाव्यात. बाईसुद्धा फाटकाशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, प्रयत्न केला ते काय कमी आहे?" तोंडी लावायला असतं तसलं ते वाक्य. मी ते घरात येऊन सांगितलं नाही.

टाकीतलं पाणी बघायला मी गच्चीवर गेलो तेव्हा टाकीमागे ती गोणी सापडली. आत अकरा बाटल्या होत्या. अकराच्या अकरा मधोमध दबून चपट्या झालेल्या, आणि प्रत्येकीवर माझं नाव. ड्रॉइंगच्या तासाला कमावलेलं, सगळ्यांनी वाखाणलेलं माझं सुबक अक्षर.

गोणी घेऊन मी खाली आलो. सासूबाई पलंगावर बसून गोधडीला टाके घालत होत्या.

"आई, हे काय आहे?"

"कचरा हाय. टाकून द्यायचाय."

"माझं नाव आहे यावर."

"व्हय," त्या म्हणाल्या. "अक्षर लई चांगलं हाय तुमचं."

"मग त्या दिवशी का नाही बोललात? मी तिथे भाषण करत होतो."

त्यांनी सुई गोधडीत खोचून ठेवली. "काय बोलू? जावई इंजिनेर हाय आणि त्याच्याच बाटल्यानं भिंत पडली, म्हणून? तुम्हाला ह्या गल्लीत जल्मभर राह्यचंय. माझं काय, आज हितं, उद्या गावाकडं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाया फाटकांशी उभ्या असताना मी गोणी घेऊन ओपन स्पेसवर गेलो, सगळ्यांना बोलावलं आणि ती त्यांच्यापुढे उपडी केली. माती चांगली होती, भिंत माझ्यामुळे पडली, एवढंच मला बोलता आलं. बाईंनी वाकून एक बाटली उचलली, चष्मा वर करून माझं नाव खणखणीत आवाजात वाचलं, हजेरी घ्यावी तसं. मग दुसरी उचलली, पुन्हा तेच नाव. पाचव्या वेळी मी सवयीने "हजर" म्हणालो, आणि त्या सगळ्या जणी अशा हसल्या की पानाच्या दुकानापुढचे पुरुष काय झालं ते बघायला आले. सासूबाई घरातून लगबगीने आल्या. "कुणी सांगितलं हुतं तुम्हाला?" म्हणून माझ्यावर रागावल्या, आणि रागावता रागावता पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तेव्हाच शिक्षाही ठरली. दर रविवारी बाईंच्या ओट्यावर बसून बाटल्या भरायच्या आणि पास झाल्याशिवाय उठायचं नाही. बाई स्वतः बाटलीवर चढून बघायच्या. पहिल्या रविवारी मी सातपैकी दोन बाटल्यांत पास झालो.

त्या आठवड्यात सासूबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "तो कागद कुठंय तुमचा? आणा बगू." मग दगडाचं जोतं झालं, कोपऱ्यांना लोखंडी खांब आले, बाटल्यांच्या ओळींवर जाळी बसली. मिस्त्री आता येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बाटली कशी ठासायची ते शिकवू लागला होता. छपराखालच्या शेवटच्या ओळीत सासूबाईंनी रिकाम्या, घासून लखलखीत केलेल्या बाटल्या लावायला सांगितल्या, उजेड यावा म्हणून. दुपार कलली की त्यांतून ऊन येतं आणि जमिनीवर हिरवे-निळे डाग पडतात. उद्घाटनाला कुणाला बोलवावं यावर चर्चा निघाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आधी बसून तर बगू." चारला बसलेल्या बाया दिवेलागणीला उठल्या नाहीत. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बऱ्याच पुरुषांनी आयुष्यातली पहिली खिचडी शिजवली. आमची खाली लागली होती, पण वरची चांगली होती.

या वर्षी थोरल्या मेहुण्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि सासूबाई गावाकडे गेल्या. घर मोठं आहे, पण पूर्वीची माणसं आता तिथे नाहीत. जी आहेत ती दिवसभर रानात असतात. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. लेकीशी बोलून झालं की मला मागतात.

"बसतात का बाया?"

"बसतात की."

"कोण कोण?"

पहिल्या दिवशी मला सांगता येईना. अकरा वर्षं या गल्लीत राहून मला सगळ्या जणी 'कोपऱ्यातल्या घरच्या' आणि 'बँकेतल्या' अशाच ठाऊक होत्या. "नावं न्हाईत व्हय त्यांला?" सासूबाईंनी विचारलं. तेव्हापासून कामावरून येताना मी खोलीच्या दाराशी थांबतो. बाई नावं सांगतात, फोनवर मी ती सासूबाईंना सांगतो. एकदा त्यांनी विचारलं, "आणि ती पलीकडच्या गल्लीतली नवी सून? येतीय का?"

"येते. आज बोलली पण."

"काय बोलली?"

"आईची आठवण येते म्हणाली."

पलीकडे लांब कुठेतरी जनावरांच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग म्हणाल्या, "जावईबापू, फोन जरा आत धरा त्यांच्यात."

मी फोन घेऊन खोलीपाशी गेलो आणि दारातून हात लांब करून तो आत धरला. आता रोजच धरतो. बायांना ते आता माहीत झालंय. कुणी आवाज कमी करत नाही, कुणी फोनशी बोलायलाही जात नाही. त्यांचं आपलं चाललेलं असतं, लोणच्याचं, कुणाच्या गुडघ्याचं, कुणाच्या मुलीच्या निकालाचं. थोड्या वेळाने माझा हात अवघडतो. मग मी दुसऱ्या हातात फोन घेतो आणि "ठेवते आता" असं ऐकू येईपर्यंत तसाच उभा राहतो.