यिस्काचा केक आणि तांब्यातली रिकामी जागा

यिस्काला लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. मी तिच्याच लॅबच्या वर्कशॉपात लेथवर असतो, शाळा अर्ध्यात सोडलेला. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

इथं हॉलंडमधल्या लायडनमध्ये सव्वीस वर्षं तिचं एकच काम. नखाएवढा तांब्याचा तुकडा लख्ख करायचा, हवा काढून टाकलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा आणि बारीक सुईनं चाचपून त्याच्या अणूंचं चित्र घ्यायचं. तांब्याचे अणू ओळीनं ठासून बसलेले. त्यांच्यात तिनं इंडियम नावाच्या दुसऱ्या धातूचे थोडेसे अणू पेरलेले, ते चित्रात ठिपक्यांसारखे दिसतात. हे ठिपके बराच वेळ ढिम्म बसायचे आणि मग एकदम दोन-तीन घरं पलीकडे.

यिस्का म्हणायची, "मधली एखादी जागा रिकामी असते. ती इतकी पळते की दिसत नाही. जाताना ठिपक्याला सरकवते."

आमचा प्रमुख बाउके. तो म्हणाला, "जागा कसली? बाहेरून कुणीतरी धपधप जातं आणि सुई हलते. शुक्रवारपर्यंत पटव, नाहीतर मशीन दुसऱ्या गटाला."

"धपधप तूच चालतोस," यिस्का म्हणाली.

गुरुवारी तिचा वाढदिवस. इथली रीत अशी की ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. मग सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडून बसायचं आणि केक संपेपर्यंत हलायचं नाही, मधेच उठणं म्हणजे उद्धटपणा. मजल्यावर आम्ही अकरा जण. तिनं तिसांना पुरेल एवढा सफरचंदाचा केक आणला, मशीन चालू ठेवलं आणि त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

बसताना दाराजवळची एक खुर्ची रिकामी राहिली. वारा लागतो म्हणून शेजारची फेमके त्या खुर्चीवर सरकायला तयार नव्हती. यिस्कानं तिला दटावून सरकवलं, मग तिच्या जागी पुढचा, त्याच्या जागी त्याच्या पुढचा.

"बाउके, खुर्ची कुणी उचलली?"

"कुणीच नाही."

"मग रिकामी जागा खिडकीपाशी कशी पोचली? आता गप खा."

पाऊण तास कुणी पाय हलवला नाही. बाउकेनं तीन तुकडे संपवले. मग ती त्याला मशीनपाशी घेऊन गेली. तेवढ्या वेळात ठिपक्यांनी चौदा उड्या मारल्या होत्या. जवळजवळचे दोन ठिपके एकाच वेळी सरकले होते, लांबचे मात्र जागच्या जागी.

"रस्त्यावरून ट्रक गेला असेल," बाउके म्हणाला.

"ट्रकनं सगळेच हलतील. हे दोघंच का?"

तिनं तांबं वीस अंशांनी तापवलं. उड्या भराभर पडायला लागल्या.

"तांबं तापलं की ट्रक वाढतात का रे?"

बाउकेनं पडद्यावरच्या उड्या बोटांवर मोजल्या. "मशीन किती दिवस हवंय?"

"वर्षभर."

"सहा महिने."

"वर्षभर," यिस्का म्हणाली आणि पुढचं चित्र लावलं.

तो "बरं" म्हणाला. दाराशी जाऊन त्यानं बूट काढले, हातात घेतले आणि मोज्यांवरच निघून गेला.