पारबताबाई जे बोललीच नव्हती

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. बायकोले नाई, पेटी शिकवणाऱ्या गुरुजीले नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यलो — मलेही धड समजत नाई.

मुलचेऱ्याकडचं आमचं गाव नाटकवेडं आहे, भाऊ. धान घरी आलं का नाटक ठरते, लेकी-जावई येतात, घरोघरी वडे तळतात, अन् मी मंचाखाली पेटी वाजवायले बसतो. त्या दिवसांत मी असा खुश असतो का विचारू नका! पाहा — कबूल करायले बसलो, अन् नाटकातच घुसलो.

तर पारबताबाई. आमची शेजारीण. तोंडानं फटकळ, मनानं साफ. ग्रामसभेत ती उठली का ग्रामसेवकाले घाम फुटे. ती सरपंचपदाले उभी राह्यली. समोर माझा साळा. तो पडणार, हे त्यालेही माहीत होतं.

तेव्हाच मोबाईलवर एक ॲप भेटलं. कोणाचाही आवाज टाका, पाहिजे ते बोलवून घ्या. तिचा आवाज काय, गावाच्या ग्रुपवर रोजच — नळाले पाणी नाई, रेशन आलं नाई. मी काय बोलवलं असन? "मी सरपंच झाली का पहिले नाटक बंद करीन." बस, एवढंच. पैसे खाल्ले म्हटलं असतं तर कोणी ढुंकून पाह्यलं नसतं. पण नाटक बंद? अरे बापा! मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी 'मले कुठून तरी आलं' म्हणून ग्रुपवर टाकलं, अन् दुपारपर्यंत अख्खा ग्रुप पेटला. अन् खरं सांगू? — मले मजा आली. पोट धरून हसलो मी.

ती दारोदार सांगत फिरली, मी असं बोललीच नाई. पण आवाज तर तिचाच! थोड्या मतांनी पडली. साळ्याचा गुलाल मीही उधळला.

इथपर्यंत सांगणं सोपं होतं.

नाटकाच्या संध्याकाळी, पडदा उघडायच्या आधी, ती मंचावर चढली. नवं लुगडं, हसरा चेहरा. माईक धरून म्हणाली, "मले आठवत नाई, पन आवाज माहाच हाय. रागात निंगालं असन तोंडातून. माफ करा."

केवढ्या टाळ्या, केवढ्या शिट्ट्या! बायांनी तिले मधात घेऊन फेर धरला. तीही नाचली — मनापासून नाचली. मग माझ्याकडं पाहून ओरडली, "वाजव ना गा, भाऊ!"

मी वाजवलं. तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं. पण एवढं रंगलेलं गाव सोडवेना — मलेही त्या आनंदात राहायचं होतं.

आताही ती आनंदात असते, वडे आणून देते. फक्त ग्रामसभेत बोलत नाई. उठते, थांबते, "माहं तोंडच खराब" म्हणून हसते अन् खाली बसते.

तिचं तोंड खराब नाई. ते बोल माझे होते.