एका हाताचा अंबाडा

कुशाबाईच्या उजव्या हाताची चार बोटं कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेली, त्या दिवसापासून तिनं तो हात चारचौघांत पदराबाहेर काढला नाही. लग्नात नाही, बाजारात नाही, एसटीत नाही. मी तिची शेजारीण, पण मलाही तो कधी नीट दिसला नव्हता. बाकी तिचं फारसं अडायचं नाही. डाव्या हातानं भाकरी थापायची, शेळीची धार काढायची. अडायचं ते केसांपाशी. कमरेखाली येणारे दाट केस, आणि एका हातानं अंबाडा काही बांधता येत नाही. ते काम लेकीचं, हर्षदाचं.

२००३ साली हर्षदाला सोलापूरला नर्सिंगला जागा मिळाली. पोरगी हटून बसली, "आईला तिचा तिला अंबाडा जमंल तवाच मी जाईन." पाटसजवळच्या आमच्या वस्तीवरून नर्स व्हायला निघालेली पहिली पोर, आणि अडली कुठं, तर फणीपाशी! माझं डोकंच फिरलं. राग तिचा नाही, तिच्या बापाचा, रखमाजीचा. मेंढरांसाठी दोर काय सुरेख वळतो हा माणूस! पण बायकोचे केस विंचर म्हटलं की, "लोकं काय म्हंत्याल?"

"कुशा, मी घालत जाईन रोज," मी म्हटलं.

"रोज कुणाच्या दारात डोकं घिऊन जाऊ, बाई?"

"मग काप थोडे."

"धनी जिता हाय माजा," ती एवढंच म्हणाली आणि तो विषय संपला.

मग एकेक वस्तू पारखणं सुरू झालं. लाकडी फणी डाव्या हातातून निसटायची. हर्षदानं दौंडच्या बाजारातून लांब दांड्याचा ब्रश आणला, तर तो केसांत असा रुतला की सोडवायला पुन्हा लेकच लागली. शेवटी आला क्लचर, तो दातेरी प्लास्टिकचा चाप. एका हातानं उघडतो म्हणून आम्ही हरखलो. पण केसांना पीळ दिल्यावर तो पीळ धरायचा कुणी आणि चाप उचलायचा कुणी? कुशाबाईनं चाप उलटासुलटा करून पाहिला.

"ज्यानं केला त्याला दोन हात असत्याल," ती म्हणाली.

तरी तिनं नाद सोडला नाही. पीळ डोक्याशी गुंडाळायचा, डोकं मागं भिंतीला टेकून तो दाबून धरायचा आणि मोकळ्या हातानं चाप खुपसायचा. मानेला रग लागायची, भिंतीला तेलाचा डाग पडला. निघायच्या सकाळी तिनं लेकीसमोर अंबाडा बांधून दाखवला. हर्षदानं तो हलवून पाहिला. टिकला. तेव्हा कुठं पोरीनं पेटी उचलली.

दौंड स्टेशनवर आम्ही दोघीच पोचवायला गेलो. हर्षदा खिडकीशी बसली. गाडीनं शिट्टी दिली, तेवढ्यात मागून धावत आलेल्या एका माणसाचं गाठोडं कुशाबाईच्या डोक्याला घासलं. चाप उडाला. मी वाकेपर्यंत कुणाच्या तरी पायाखाली त्याचे दोन तुकडे झाले. कुशाबाईनं डावा हात मागं नेऊन सुटणारे केस गच्च धरले. पोरीनं हे पाहिलं तर ती उतरणार, आणि पुन्हा जाणार नाही.

गाडी हलली. हर्षदा हात हलवायला लागली आणि आईच्या हाताची वाट बघायला लागली.

कुशाबाईनं पदरातून उजवा हात काढला. एक अंगठा आणि पुढं नुसती गाठ. भर फलाटावर, एवढ्या माणसांत तिनं तो उंच केला आणि हलवत राहिली. हर्षदाचा हात थांबला. ती त्या हाताकडंच बघत राहिली, आणि खिडकी पुढं सरकली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

शेवटचा डबा गेल्यावर कुशाबाईनं केस सोडले. ते तिच्या पाठीवर पसरले.

"तिनं डोक्याकडं बघितलं न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

उजवा हात अजून वरच होता.