आतून फुटलेली काच

काचवाल्याच्या डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत सतरा टाक्यांचा व्रण होता. आठ वर्षांचा असताना बापाने त्याला उचलून बंद खिडकीवर फेकलं, तेव्हाचा. दुसरा कुणी काचेच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. हा पठ्ठ्या त्याच धंद्यात शिरला. पहिल्याच दिवशी थरथर कापायला लागला, तेव्हा उस्तादाने तावदानाच्या कडेला भरायच्या पुट्टीचा गोळा त्याच्या हातात कोंबला. "मळ. मऊ होईपर्यंत बोलायचं नाही." तीस वर्षं तेच औषध चालू होतं.

त्या दुपारी गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "बाहेरून चेंडू लागला हो." तुकडे मात्र सगळे बाहेर, गॅलरीत पडले होते. काच आतून फुटली होती. बाईंचा ओठही फाटलेला. काचवाल्याने चौकट मोजायला घेतली. तोंड उघडलं की काम जातं, एवढी अक्कल त्याला धंद्याने दिली होती.

टेबलाखाली त्यांची नऊएक वर्षांची मुलगी अंग चोरून बसली होती. त्याने पुट्टीचा गोळा तिच्याकडे सरकवला. "हात थरथरतायत ना? माझेही थरथरायचे. मळ. मऊ होईपर्यंत बोलायचं नाही." ती मळू लागली. हळूहळू तिचे खांदे सैल पडले.

तेवढ्यात नवरा आला. "काचवाल्याला बोलवायला कुणी सांगितलं तुला?" म्हणत त्याने बाईंचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटायच्या आत काचवाल्याने त्याला मानगुटीला धरून आडवा केला. छातीवर बसून बुक्क्या हाणल्या. नाकाचं हाड मोडलेलं कळलं, तरी हाणल्या. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटत होतं. प्रत्येक बुक्कीला समोर बापाचं तोंड दिसत होतं. मग त्याने चौकटीतला काचेचा सुळका उपसला आणि नवऱ्याच्या गळ्याला लावला.

काहीतरी घरंगळत येऊन त्याच्या गुडघ्याला लागलं. पुट्टीचा गोळा.

त्याने वळून पाहिलं. मुलगी टेबलाखालीच भिंतीला चिकटली होती आणि बापाकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. ती नजर त्याने ओळखली. आठव्या वर्षी ती त्याचीच होती.

"काका, तुमचे हात थरथरतायत."

सुळका गळून पडला. बाई रक्ताने माखलेल्या हातांनी पोलिसांना फोन लावत होत्या. काचवाला नवऱ्याच्या छातीवरून उतरून जमिनीवरच बसला, गोळा उचलला. "बाळा, मी..."

"मऊ होईपर्यंत बोलायचं नाही," ती टेबलाखालूनच म्हणाली.

तो मळत राहिला. ती बाहेर आली नाही.