मामेसासऱ्यांचा उपाशी समुद्र

सोलापुरात बसून भूमध्य समुद्राच्या पोटापाण्याची काळजी करणारा माणूस सत्तरच्या दशकात एकच होता, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. एका कापड गिरणीच्या रंगखात्यात ते सुताला रंग चढवत. समुद्र त्यांनी फक्त नकाशात पाहिला होता. पण मिठाचं जड पाणी गोड्या पाण्याखाली कसं सरकतं हे रंग धरावा म्हणून मीठ घातलेल्या हौदात रोज बघून बघून त्यांना समुद्रांचा नाद लागला. मी तेव्हा तिथल्याच एका कॉलेजात नवा लेक्चरर होतो, त्यामुळे लायब्ररीतली इंग्रजी पुस्तकं आणून त्यांना अर्थ सांगायचं काम जावई म्हणून माझ्याकडे आलं.

एकदा कळलेली गोष्ट मामा कुठंही सांगत. भूमध्य समुद्राला महासागराकडे उघडणारं एकच अरुंद दार. उन्हानं पाण्याची वाफ होते, उरलेलं खारट, जड पाणी खाली बसतं. मेलेल्या जीवांचा गाळ, म्हणजे पुढच्या जीवांचं खत, तेही खाली उतरतं आणि त्या पाण्याबरोबर दाराच्या तळातून बाहेर निघून जातं. वरून आत येतं ते स्वच्छ, पण निःसत्त्व पाणी. "म्हणून तो एवढा निळा दिसतोय. निळा म्हंजे उपाशी," असं ते कळवळून सांगत. आमच्या लग्नात त्यांनी हे एका वाढप्याला अडवून समजावलं होतं, आणि त्यांचं संपेपर्यंत पंगत खरोखरच भाताची वाट बघत बसली होती. नळाला दिवसाआड पाणी यायचं, तरी खिडकीच्या काचा जोडून केलेली त्यांची पेटी घागरींच्या आधी भरायची. पेटीत मधोमध फळी, फळीला वर एक खाच, खाली एक. एकीकडे मिठाचं लाल पाणी, दुसरीकडे साधं. लाल पाणी खालून पलीकडे जाई, साधं वरून अलीकडे येई. समुद्राचं खत म्हणून ते लाल पाण्यात हळद कालवत, आणि हा समुद्र अजून किती दिवस चालायचा, असं मामी मला विचारत.

ती पेटी कॉलेजात दाखवायची मामांची फार इच्छा होती. मी हो म्हटलं. ठरल्या दिवशी धुवट धोतर नेसून, पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून, सायकल ढकलत ते आले. नखांत मुरलेला गिरणीचा रंग मात्र तसाच होता. प्रयोग झकास झाला. पण आमचे विभागप्रमुख हसले. एवढ्या नद्या गाळ आणून ओततात, तो समुद्र उपाशी कसा, म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "नद्या टाकतात, व्हय. पण तळाचं पाणी बाहेर घेऊन जातंय की, साहेब."

प्रमुखांनी माझ्याकडे वळून विचारलं, हे तुमचे कोण? मामा बरोबर होते हे मला ठाऊक होतं. पुस्तकातलं ते पान मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. पण माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि मला ती नखं दिसत होती.

"कुणी नाही," मी म्हणालो. "ओळखीचे आहेत. गिरणीत असतात."

आणि मी हसलोसुद्धा.

मामांनी ते ऐकलं. पाणी बादलीत ओतलं, फडक्यानं टेबल पुसलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. कॉलेजात जावयाला लई मान हाय, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, ते रात्री जेवताना तिच्याकडून ऐकून मला ताटावरून उठावंसं वाटलं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि चुकलो म्हणालो.

"मी गिरणीत नवा असताना," मामा म्हणाले, "माझा बाप मंगळवेढ्याहनं हुरडा घेऊन गेटवर आला होता. जॉबरनं, आमच्या मुकादमानं, विचारलं, कोण रे? मी म्हणलो, गावाकडचा माणूस हाय. बाप हुरडा ठेवून तसाच परत गेला. मला माफी मागायला जमलं न्हाय. तुमाला जमलं. बसा."

त्यानंतरही ते पुस्तकं मागवत राहिले. घरात मला जावईबापू म्हणत. पण रस्त्यात माझ्याबरोबर कॉलेजातलं कुणी असलं, की "नमस्कार, सर" एवढंच म्हणत. दर वेळी मी ठरवत असे, की त्यांचा हात धरावा आणि सांगावं, हे माझे मामेसासरे. पण माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत त्यांची सायकल कोपऱ्यावरून वळलेली असे.