मुलाखतीचे तीन कागद

असम्प्टा गिलहूली अकरा वर्षं गावच्या वाचनालयात बदलीवर होती. कोणी आजारी पडलं, कोणी रजेवर गेलं की तिला बोलावणं यायचं, आणि कोणी ना कोणी रोज आजारी असायचंच. अखेर कायमची जागा निघाली, तिनं मुलाखत दिली आणि जागा मिळाली कॉर्क शहरातल्या एका तरुण मुलीला.

"उमेदवाराला मुलाखतीच्या नोंदी मागता येतात, कायदाच आहे तसा," तिचा भाऊ फिन्टन म्हणाला. "महिन्याभरात द्याव्याच लागतात त्यांना. माग की!"

"अरे, उद्या त्यांनाच तोंड दाखवायचंय मला."

"मग दाखव ना! अकरा वर्षं गप्प बसून काय दिवे लागले?"

तिनं अर्ज केला. कुठं कमी पडले ते कळलं तर पुढच्या खेपेला सुधारता येईल, अशी तिची भाबडी आशा. ग्रंथपाल डिम्प्ना तिची जिवाभावाची मैत्रीण. मुलाखत दे म्हणून मागं लागली तीच, आणि परीक्षकांत बसलीही तीच. एवढ्याशा गावात अनोळखी माणूस आणायचं तरी कुठून?

"खूप भांडले गं तुझ्यासाठी," डिम्प्ना म्हणाली होती. "बाहेरून आलेल्या त्या दोघांनी ऐकलंच नाही बघ."

एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं. आत तीन कागद. नियमाप्रमाणे परीक्षकांची नावं काळी करून टाकलेली. हातानं लिहिलेल्या नोंदी मात्र जशाच्या तशा. दोघांनी शंभरात ऐंशीच्या वर गुण दिले होते. तिसऱ्या कागदावर बावन्न. खाली लिहिलं होतं: 'कामात उत्तम. पण कायम केली नाही तरी ही कुठं जायची नाही. नवीन घेतली तर दोघी मिळतील.'

असम्प्टाला नावाची गरजच नव्हती. हे तिरकं, लांब शेपट्यांचं अक्षर ती कामाच्या चिठ्ठ्यांवर अकरा वर्षं वाचत होती. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली.

फिन्टन भडकला. "तक्रार कर! सोडू नकोस त्या बयेला!"

"आणि मग जाऊ कुठं? चोपन्नाव्या वर्षी कोण घेणारय मला?" असम्प्टानं डोळे पुसले. "तिनं लिहिलंय त्यात खोटं काय आहे, फिन्टन?"



सोमवारी नवी मुलगी रुजू झाली. तिला काम शिकवायला असम्प्टाच गेली.