सांगून जायचं

कणकवलीच्या स्टँडवर आई म्हणाली, "थांब गो, पाणी घेवन येतंय," आणि बाटली घेऊन गेली ती गेलीच. गाडी सुटली तरी मी खिडकीतून मान वाकडी करून बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच मुंबईकडे निघालेली मी, वाटभर जीव टांगणीला. पुढे भावाने सांगितलं, ती कँटीनच्या मागे उभी राहून रडत होती. आमच्याकडे रीतच तशी. रडारड नको म्हणून निघणाऱ्याला चुकवायचं, आणि लहान मूल घरी ठेवायचं तर ते खेळात असताना आपण सटकायचं.

खांदेश्वरला आमची बिल्डिंग नवी, जिन्यात ओल्या सिमेंटचा वास, शेजारी कोण ते कुणालाच ठाऊक नाही. सोसायटीत बालवाडी निघणार होती. मिस्टर म्हणाले, घरात टेन्शन घेत बसण्यापेक्षा कोर्स कर. मग वाशीला ट्रेनिंग. आम्ही चांगल्या संसारी बायका सतरंजीवर बसून मणी ओवायचो, चिमण्या होऊन उडायचो. मला आपलं हसूच यायचं.

एक दिवस शिकवणाऱ्या बाईंनी नाटक करायला लावलं. मी मूल, माझ्या शेजारची नलिनी माझी आई. "खाऊ आणते हां," म्हणून ती कपाटामागे लपली. मी रडायचं नुसतं सोंग करायचं होतं. पण खरंच रडू फुटलं आणि थांबेना. बाईंनी पाठीवर हात ठेवला. मग सगळ्यांना म्हणाल्या, "मुलाला फसवून जाऊ नका. रडलं तर रडू दे. सांगून गेलं की त्याला निदान वाट तरी बघता येते."

गणपतीत गावी गेले तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. ती हसली. "ह्या टायमाक जमाचा नाय. फुडल्या टायमाक दारात उभी ऱ्हवतलंय, मगे झाला?" म्हणाली, आणि मी निघायच्या वेळी गोठ्यात जाऊन बसली.

कोर्सची परीक्षा चालू होती तेव्हाच ती आजारी पडली. भाऊ मला फोन करायला निघाला तर तिने त्याचा हात धरला. तिची परीक्षा होवंदे, म्हणाली. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर भावाचा आवाज आला. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मी भावावर वाट्टेल तसं तोंड टाकत सुटले. बिचारा ऐकून घेत होता. राग खरा आईवर होता. पुन्हा मला चुकवून गेली.

अजूनही जूनमध्ये बालवाडीच्या दारात आया मला डोळ्यांनी खुणावतात, "टीचर, तुम्ही बघा ना जरा, मी कटते." मी सोडत नाही. खाली बसवते, मुलाच्या डोळ्यांत बघून सांगायला लावते. मूल रडतं, आई रडते, कधी मीसुद्धा.

तुम्ही गावी राहिलेले असा की माझ्यासारखे इकडे आलेले, घर कुठलं म्हणून विचारलंत तर मला पटकन सांगता येत नाही. पत्ता खांदेश्वरचा. गावी भाऊ-वहिनी मायेने करतात. पण मला घर म्हणजे तो गोठाच वाटतो, आता गुरंही नाहीत तिथे. निघताना मी तिकडे जाते. वहिनी विचारते, काही राहिलं का? नाही म्हणते. मग रिकाम्या गोठ्याच्या दारात उभी राहून मोठ्याने सांगते, "आई, येतंय गो."